फ्लेचर स्ट्रीटचे शिलेदार : ‘काँक्रीट काउबॉय’

‘काँक्रीट काउबॉय’ हा चित्रपट पाहावा तो त्यातील तबेल्यासाठी. रिकी स्टॉब यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. सप्टेंबर २०२० मध्ये टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि २ एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. मी तो पुण्यात घरच्या टीव्हीवरच पाहिला आणि त्याची रुखरुख अजून वाटते, कारण फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून घोडेस्वारांचा जथा निघतो ती दृश्ये मोठ्या पडद्यालाच शोभणारी आहेत. पंधरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा, त्याला जवळजवळ अनोळखी असलेला त्याचा बाप आणि भर वस्तीत घोडे पाळणारी माणसे, एवढ्या ऐवजावर पावणेदोन तासांहून थोडा मोठा हा चित्रपट उभा आहे. कथेचा सांगाडा ओळखीचा आहे आणि काही ठिकाणी तो उघडाही पडतो. तरीही घोड्याची निगा राखण्याचे रोजचे, घाम काढणारे काम एका भरकटलेल्या मुलाला कसे वळण लावते, हे इतक्या जवळून आणि इतक्या आदराने दाखवणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

कोल (केलेब मॅक्लॉफलिन) डेट्रॉइटमध्ये आईजवळ राहतो. शाळेतले प्रकरण हाताबाहेर गेल्यावर आई त्याला गाडीत घालते, थेट फिलाडेल्फियाला आणते आणि बापाच्या दारात सोडून निघून जाते. बाप, म्हणजे हार्प (इद्रिस एल्बा), घरी नसतो, तबेल्यावर असतो. पुढे कोल बापाच्या घरात शिरतो तेव्हा बसायच्या खोलीत एक घोडा उभा असतो आणि बापाला त्यात काही वावगे वाटत नाही. मुलापुढे आता दोन वाटा आहेत. एक बापाच्या तबेल्याकडे जाते, दुसरी स्मश (जॅरेल जेरोम) या लहानपणच्या सोबत्याकडे. स्मशजवळ गाडी आहे, पैसा आहे आणि तो कुठून येतो हे विचारण्याची गरज पडत नाही.

उत्तर फिलाडेल्फियातील स्ट्रॉबेरी मॅन्शन ही वस्ती खरी आहे, फ्लेचर स्ट्रीट हा रस्ता खरा आहे आणि फ्लेचर स्ट्रीट अर्बन रायडिंग क्लब ही तिथल्या घोडेस्वारांची संस्थाही खरी आहे. ग्रेग नेरी यांची ‘घेटो काउबॉय’ ही किशोरवयीन वाचकांसाठीची कादंबरी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या आधारे स्टॉब आणि डॅन वॉल्सर यांनी पटकथा लिहिली. एल्बा निर्मात्यांपैकी एक आहेत. चित्रीकरण याच शहरात झाले आहे, आणि तबेल्याच्या भिंतीचे पोपडे, दारावरची गंजकी कडी, रस्त्याच्या कडेला वाळत पडलेले गवत यांतून ते जाणवत राहते.

चित्रपटाचा सर्वांत कसदार भाग पहिल्या तासात आहे आणि तो आहे लीद उपसण्याचा. कोलला घोड्यावर बसायचे असते. पॅरिस हा चाकाच्या खुर्चीत बसणारा तबेल्यातला कर्ता माणूस त्याच्या हाती फावडे देतो. कोल ठाणांमधली, म्हणजे घोडे बांधण्याच्या जागांमधली लीद आणि भिजलेले गवत खरवडतो, हातगाडीत भरतो, ढकलत बाहेर नेतो, रिकामी करतो आणि परत येतो. हातगाडी जड असते, तोल जातो, पायांतले बूट नव्या जमान्याचे आणि त्या कामाला अगदीच निरुपयोगी असतात. दिग्दर्शकाने या कामाला गाण्याची जोड देऊन अर्ध्या मिनिटात ते उरकलेले नाही. मुलाच्या चेहऱ्यावरची किळस, मग चीड, मग थकवा आणि शेवटी कामात मिळालेली लय, या सगळ्या पायऱ्या आपल्याला दिसतात. एक मोठा घोडा दिवसाला वीस किलोंच्या आसपास लीद टाकतो. तबेल्यात दहा घोडे असले तर रोज सकाळी माणसाच्या वाट्याला काय येते, याचा हिशेब करणे अवघड नाही. ती उपसली नाही तर ओल्या ठाणात उभे राहून घोड्याचे खूर नासतात आणि खूर नासलेला घोडा कितीही देखणा असला तरी कामाचा राहत नाही. हे कोणी भाषणातून सांगत नाही. फावड्याच्या आवाजातून ते कळते.

आमच्या पेठेत एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात, त्यांच्या वडिलांचा टांगा होता आणि लहानपणी घोड्याला खरारा करण्याचे काम त्यांच्याकडे असे. मी त्यांना मुद्दाम बोलावून हा भाग दाखवला. इंग्रजी संवादांकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. त्यांचे डोळे होते कोलच्या हातांकडे. मुलगा पहिल्यांदा घोड्याच्या अंगाला हात लावायला जातो तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, “आधी हात हुंगू दे त्याला, मग मानेवर ठेव. तोंडासमोरून एकदम हात नेऊ नये रे बाळा.” पुढे ते मला म्हणाले की हा मुलगा खोटे नाटक करत नाही, त्याला खरोखर भीती वाटते आहे. माझ्या मते मॅक्लॉफलिन यांच्या अभिनयाला याहून मोठी पावती नाही. या कलाकाराला आपल्याकडचे तरुण प्रेक्षक एका लोकप्रिय मालिकेतला लहान मुलगा म्हणून ओळखतात. इथे त्यांनी संवाद कमी आणि खांदे, मान, नजर यांचा वापर अधिक केला आहे, आणि कोल जसजसा तबेल्यात रुळत जातो तसतशी त्याची उभे राहण्याची ढबच बदलत जाते.

बू नावाचा घोडा हे या चित्रपटातले दुसरे मोठे पात्र. तो बुजरा आहे, कोणाला जवळ फिरकू देत नाही. एका रात्री कोलला घराचे दार बंद होते आणि जायला कुठेच जागा नसल्यामुळे तो बूच्या ठाणात जाऊन पडतो, तिथून या दोघांचे नाते सुरू होते. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे सभोवारचे जवळजवळ सगळे त्याला दिसते, पण नाकाच्या अगदी पुढचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून अनोळखी माणूस नेमका त्या जागी आला की तो दचकतो, आणि दचकलेल्या घोड्यापुढे पळणे आणि लाथ झाडणे हे दोनच उपाय असतात. दिग्दर्शकाला हे नीट ठाऊक आहे. कोल आणि बू यांच्या दृश्यांत कॅमेरा घोड्याच्या खांद्याजवळ, मुलाच्या उंचीला ठेवलेला आहे. घोड्याचे कान आधी मागे पडलेले असतात, मग एक कान मुलाकडे वळतो, मग श्वास संथ होतो. घोडा जाणणाऱ्याला एवढे पुरते आणि न जाणणाऱ्यालाही काहीतरी निवळले आहे हे समजते. पुढे मोकळ्या मैदानात सुटलेल्या बूला शांत करण्याचा प्रसंग येतो, तिथे जमलेले अनुभवी स्वार मुलाला धीर देतात पण त्याच्या वतीने लगाम हातात घेत नाहीत. चित्रपटातली शिक्षणाची सगळी कल्पना या एका प्रसंगात उतरली आहे आणि मी तो पुन्हा पुन्हा पाहिला.

बापलेकांचे नातेही घोड्यांच्या आडूनच उलगडते. हार्पला बोलता येत नाही. म्हणजे तबेल्यातल्या मित्रांशी तो भरभरून बोलतो, मुलाशी मात्र हुकूम सोडण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही. तो तुरुंगात जाऊन आलेला आहे, मुलाच्या वाढत्या वयात तो त्याच्याजवळ नव्हता आणि त्याची भरपाई कशी करायची असते हे त्याला कोणी शिकवलेले नाही. एल्बा हे लंडनचे, आणि त्यांना घोड्यांची ॲलर्जी असल्याचे त्यांनीच सांगितले होते; तरीही खोगिरावरची त्यांची बैठक सैल आणि सवयीची वाटते. मात्र त्यांची भूमिका जितकी लिहायला हवी होती तितकी लिहिलेली नाही. उत्तरार्धात एकदाच तो मुलाजवळ मोकळा होतो आणि सांगतो की तुझे नाव मी जॉन कोल्ट्रेन यांच्यावरून ठेवले. सॅक्सोफोनचे हे थोर वादक याच स्ट्रॉबेरी मॅन्शनमधले रहिवासी होते, १९५२ मध्ये त्यांनी घेतलेले घर त्या वस्तीत आजही उभे आहे आणि त्याला राष्ट्रीय वारसावास्तूचा दर्जा आहे. वस्तीतल्या मोठ्या माणसाचे नाव मुलाला देणे, आणि मग तो मुलगा आपल्याच हातून दूर जाऊ देणे, हे दोन्ही हार्पने केले आहे. एल्बा हा प्रसंग खालच्या सुरात करतात आणि त्यामुळेच तो मनाला भिडतो. असे आणखी दोन प्रसंग असते तर बापलेकांची कथा घोड्यांच्या कथेच्या तोडीस तोड झाली असती.

दिवाणखान्यात बांधलेल्या घोड्याविषयी मला आक्षेपही नोंदवायचा आहे. दृश्य म्हणून ते विलक्षण आहे: अरुंद खोली, जुना सोफा आणि मध्येच हे भले मोठे जनावर. हार्पच्या आयुष्यात कोणाला किती जागा आहे हे त्यातून एका नजरेत कळते. पण घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत लागते, मोकळी हवा लागते, पायांखाली बेताची मऊ जमीन लागते. घरातल्या कठीण फरशीवर एकटा ठेवलेला घोडा सुखी नसतो. चित्रपट त्याविषयी चकार शब्द काढत नाही आणि पुढे जेव्हा पालिकेची माणसे तबेल्यातल्या परिस्थितीकडे बोट दाखवतात, तेव्हा प्रेक्षकाने त्यांना सरळसरळ खलनायक मानावे अशीच मांडणी केलेली आहे. स्वारांचे घोड्यांवर मनापासून प्रेम आहे यात शंका घेण्याचे कारण नाही, मात्र पैशांच्या चणचणीत, जुन्या इमारतीत, पशुवैद्याची फी परवडत नसताना घोडे पाळणे किती कठीण आहे, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला असता तर चित्रपटाचे वजन वाढले असते. ज्यांच्याविषयी आपुलकी आहे त्यांच्या अडचणीही पूर्ण दाखवाव्यात, असे मला वाटते.

स्मशच्या कथानकाविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण त्यात नवे थोडे आहे. अमली पदार्थांच्या धंद्यात उतरलेला, पैसे साठवून पश्चिमेला कुठेतरी जमीन घेऊन घोडे पाळायचे स्वप्न पाहणारा हा तरुण आहे. त्याचे पुढे काय होणार हे तिसऱ्याच प्रसंगात कळून चुकते. जेरोम यांनी मन ओतून काम केले आहे आणि त्यांच्या हसण्यातला गोडवा खरा आहे, त्यामुळे कोल त्याच्याकडे का ओढला जातो हे पटते. पण गाडीत बसून गल्लोगल्ली फिरणे, दुसऱ्या टोळीच्या हद्दीत पाऊल टाकणे, रात्रीचा व्यवहार, या सगळ्याचा साचा इतका वापरून झालेला आहे की प्रत्येक वेळी कथा तिकडे वळली की तबेल्यात परत कधी जातो असे होऊन जाते. कृष्णवर्णीय वस्ती म्हटली की गोळीबार आणि अमली पदार्थ आलेच पाहिजेत, ही पडद्यावरची जुनी सवय या चित्रपटालाही सोडता आली नाही. ज्या चित्रपटाच्या हाती इतके वेगळे जग लागले होते, त्याने तरी ती सोडायला हवी होती.

स्त्री पात्रांच्या वाट्याला फार थोडे आले आहे. नेसी ही वस्तीतली वडीलधारी बाई लॉरेन टूसां यांनी साकारली आहे आणि तिच्या तोंडी आलेले प्रत्येक वाक्य वजनदार झाले आहे. इशा ही तरुण घोडेस्वार मुलगी मात्र कोलकडे पाहून हसण्यापुरतीच उरते. ती घोडा उत्तम चालवते, ती इथपर्यंत कशी आली हे जाणून घ्यायला मला आवडले असते.

इशाचे काम करणाऱ्या इव्हाना मर्सिडीज आणि पॅरिसचे काम करणारे जमील प्रॅटिस हे दोघेही व्यावसायिक कलाकार नव्हेत, ते फ्लेचर स्ट्रीटवरचेच स्वार आहेत. दिग्दर्शकाने घेतलेला हा निर्णय चित्रपटाला तारून नेतो. शिकून आलेला नट आणि घोड्याबरोबर वाढलेला माणूस यांच्यातला फरक लगाम धरण्यात, खोगिराचा तंग म्हणजे पट्टा आवळण्यात, बोलता बोलता घोड्याच्या मानेवर थोपटण्यात दिसतो. प्रॅटिस यांचा आवाज तर कानात राहतो. पॅरिस बसू शकेल असे पाठीला आधार देणारे खोगीर तयार करून सोबती त्याला पुन्हा घोड्यावर चढवतात, तो प्रसंग पाहताना मला गहिवरून आले. तिथे कोणी उपकार केल्याचा आव आणत नाही. पट्टे आवळले जातात, एकदा ओढून तपासले जातात आणि घोडा चालू लागतो.

रात्री शेकोटीभोवती हे स्वार बसतात आणि बोलणे कृष्णवर्णीय काउबॉयांच्या इतिहासावर येते. अमेरिकी यादवी युद्धानंतर पश्चिमेकडे गुरांचे कळप हाकणाऱ्या काउबॉयांपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घेऊन त्याला लोळवण्याचा जो खेळ आज तिकडच्या रोडिओंत, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांत हमखास असतो, तो प्रसिद्ध केला बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयने. घोड्यांच्या शर्यतींचेही तेच. आपल्या पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात हजेरी लावणाऱ्यांना केंटकी डर्बीचे नाव परिचित असेल. १८७५ मध्ये ती शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा पंधरा जॉकींपैकी तेरा कृष्णवर्णीय होते आणि जिंकलेला ऑलिव्हर लुईसही त्यांतलाच. आयझॅक मर्फी यांनी ती १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा जिंकली. त्यानंतर काही वर्षांतच वर्णद्वेषामुळे कृष्णवर्णीय जॉकींना शर्यतींच्या जगातून बाहेर ढकलले गेले, आणि पडद्यावरचा काउबॉय तर पिढ्यानपिढ्या गोराच राहिला. हार्पसारख्या माणसाला डोक्यावरची ती टोपी आणि पायांतले ते बूट इतके मोलाचे का वाटतात, हे हा इतिहास माहीत असल्यावर नीट समजते. शेकोटीच्या प्रसंगात तो थोडा पाठ म्हटल्यासारखा येतो हे खरे. त्याच माणसांना घोडे हाकताना पाहिल्यावर तो जास्त पटतो.

शहरात हे घोडे आले कुठून, असा प्रश्न पुणेकर प्रेक्षकाला पडेल. फिलाडेल्फियात दूध, भाजीपाला, बर्फ, कोळसा घरोघर पोहोचवणाऱ्या गाड्या पूर्वी घोडेच ओढत. दक्षिणेतल्या शेतांवरून विसाव्या शतकात उत्तरेकडच्या शहरांत आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी घोड्यांची जाण आपल्याबरोबर आणली होती. मोटारी आल्या आणि गाड्या गेल्या, पण तबेले काही गल्ल्यांत टिकून राहिले. तिथले स्वार जवळच्या लँकेस्टर काउंटीतल्या न्यू हॉलंडच्या लिलावातून स्वस्तात घोडे विकत घेतात, आणि यांतले काही एरवी कत्तलखान्याच्या वाटेला लागले असते. आपल्याकडे दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात ज्या दिमाखात घोडे येतात, तसे हे घोडे नसतात. टाकून दिलेली जनावरे असतात ती. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. फ्लेचर स्ट्रीटवरची ही सगळी माणसे या अर्थाने शिलेदार आहेत. दिवसभर मिळेल ते काम करायचे, त्यातून चंदीचा म्हणजे घोड्याच्या दाण्याचा, नालबंदीचा, औषधाचा खर्च करायचा, आणि वस्तीतली पोरे तबेल्यावर आली तर त्यांनाही फावडे देऊन कामाला लावायचे. संस्थेचे संस्थापक एलिस फेरेल यांनी हेच काम अनेक दशके केले आहे.

उत्तरार्धात प्रश्न येतो तो जागेचा, आणि इथे चित्रपट आपल्या शहराच्या फार जवळ येतो. घोडा पाळायचा तर जागा लागते, आणि शहरात जागेचा भाव वाढला की सर्वांत आधी उठवले जातात ते तबेले. फ्लेचर स्ट्रीटवरचे स्वार ज्या मोकळ्या मैदानात घोडे फिरवत, ते प्रत्यक्षातही बांधकामासाठी गेले. पुण्याला हे नवे नाही. लक्ष्मी रस्त्याजवळ मुलींची जी नामवंत शाळा १८८४ पासूनची परंपरा सांगते, ती जिथे उभी आहे तिथे पेशव्यांची हुजूरपागा होती आणि शाळेला लोक आजही त्याच नावाने ओळखतात. पागेच्या जागी मुलींची शाळा येणे ही तर अभिमानाचीच गोष्ट. टांग्यांचे मात्र तसे झाले नाही. पुणे स्टेशनाबाहेर उभे राहणारे टांगे गेले, त्यांबरोबर नालबंद गेले, घोड्याच्या पाण्याचे हौद गेले आणि ज्यांची पोटे त्यावर चालत होती त्या कुटुंबांनी कुठे जावे याचा विचार कोणी केल्याचे मला दिसत नाही. आता शहरात घोडा दिसतो तो वरातीत, मिरवणुकीत, रेसकोर्सवर, नाहीतर पैसे मोजून शिकवणाऱ्या क्लबात. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा अजून कामाचा आहे, एवढाच अपवाद. म्हणून तबेल्यावर गदा येते तेव्हा हार्प आणि त्याच्या सोबत्यांच्या चेहऱ्यांवर जो हताशपणा दिसतो, तो समजायला आपल्याला अमेरिकेचा इतिहास ठाऊक असण्याची गरज नाही.

या भागात लीरॉय हा पोलीस अधिकारी येतो. तो पूर्वी याच तबेल्यातला, आता वर्दीतला. मेथड मॅन या नावाने रॅप संगीतात प्रसिद्ध असलेल्या कलाकाराने त्याचे काम संयमाने केले आहे. कायद्याची बाजू आणि मित्रांची बाजू यांत अडकलेल्या या माणसावर पटकथेने आणखी वेळ खर्च करायला हवा होता, कारण पालिकेचा निर्णय कसा होतो, तक्रार कोण करतो, जमीन कोणाच्या नावावर आहे, हे सगळे त्याच्यामार्फत सांगता आले असते. तसे न झाल्यामुळे शेवटाकडचा संघर्ष भावनेच्या बळावर चालतो, त्यामागचा व्यवहार कळत नाही.

मिंका फार्दिंग-कोल यांचे छायाचित्रण हा चित्रपटाचा मोठा आधार आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात विटांच्या घरांसमोरून घोडे जातात, डांबरी रस्त्यावर टापांचा आवाज घुमतो, चौकातल्या सिग्नलला मोटारींच्या रांगेत एक घोडा उभा राहतो. ही दृश्ये सजवलेली वाटत नाहीत. रात्रीची दृश्ये मात्र फार अंधारी आहेत. दिवसाउजेडी, खिडक्यांचे पडदे न लावता पाहिल्यास अर्धे काही दिसणार नाही, आणि मोबाइलवर तर तो पाहूच नये. आवाजासाठी शक्य असल्यास बरे स्पीकर किंवा हेडफोन वापरावेत. संवाद फिलाडेल्फियाच्या वस्तीतल्या बोलीत आहेत, ज्यांचे इंग्रजी चांगले आहे त्यांनीही उपशीर्षके सुरू ठेवावीत असा माझा सल्ला आहे.

घरातल्या मुलांना दाखवावा का, असे मला दोघातिघांनी विचारले. अमेरिकेत त्याला ‘आर’ हे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांसोबतच पाहावा असे प्रमाणपत्र आहे. शिवराळ भाषा जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे, अमली पदार्थांचा व्यवहार आणि सेवन दिसते, गोळीबार आहे आणि एक मृत्यू असा आहे की लहान मुलांना तो झेपणार नाही. दहावीच्या पुढच्या मुलामुलींनी आईवडिलांसोबत बसून पाहिला तर मात्र त्यातून बोलण्यासारखे बरेच निघेल, आणि ज्या घरात बाप आणि मुलगा एकमेकांशी मोजकेच बोलतात त्या घरात तर तो नक्की पाहावा. घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांना मी तो विशेष आग्रहाने सुचवीन, कारण क्लबात त्यांच्या हाती खोगीर चढवून तयार केलेला घोडा दिला जातो आणि त्यामागचे हात त्यांना दिसत नाहीत.

एक सूचना शेवटी. कथा संपून नामावली सुरू झाली की नेटफ्लिक्स चित्र लहान करून पुढच्या चित्रपटाची जाहिरात दाखवू लागते. त्या वेळी नामावली पाहण्याचा पर्याय तत्परतेने निवडावा. तिथे फ्लेचर स्ट्रीटवरचे खरे स्वार स्वतःविषयी, आपल्या घोड्यांविषयी आणि हातची जाणारी जागा यांविषयी कॅमेऱ्यासमोर बोलतात. पटकथेने जे काही अर्धवट सोडले आहे, त्यातले बरेच या काही मिनिटांत ते स्वतःच्या तोंडाने सांगून जातात.